राउटरमधील जागा संपते म्हणजे काय?

प्रश्न : १२ ऑगस्ट २०१४ रोजी अनेक देशांत इंटरनेट अडखळले आणि त्याचे कारण ‘राउटरमधील जागा संपली’ असे होते, हे वाचनात आले. म्हणजे नेमके काय झाले आणि ती अडचण आता मिटली आहे का?

उत्तर : इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र जाळ्यांचा समूह होय. कोणते पत्ते आपल्यामार्फत गाठता येतात, हे प्रत्येक जाळे शेजारच्या जाळ्याला बीजीपी (बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल) या पद्धतीने कळवते. कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्तर या अभियंत्यांनी १९८९ साली तिचा आराखडा भोजनाच्या वेळी कागदी नॅपकिनांवर मांडला. तात्पुरती म्हणून आलेली ही पद्धत आजही सारा भार वाहते आहे.

अशा प्रत्येक पत्तागटाची, म्हणजे एकत्र कळवलेल्या लगतच्या पत्त्यांची, नोंद जगातील मुख्य राउटरांना, म्हणजे माहितीला पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रांना, ठेवावी लागते. नव्वदीच्या आरंभी ही यादी झपाट्याने फुगू लागली, तेव्हा १९९३ मध्ये लगतचे पत्ते एकाच नोंदीत गुंफण्याची सोय झाली. आपला पिन कोड असाच चालतो : ‘४०३’ दिसले की पत्र गोव्याकडे रवाना होते, दिल्लीतल्या कर्मचाऱ्याला तिथले प्रत्येक गाव ठाऊक असावे लागत नाही.

परंतु एखाद्या बँकेने खबरदारी म्हणून दोन कंपन्यांकडून जोडणी घेतली की तिचे पत्ते कोणा एकीच्या गटात सामावत नाहीत आणि तिची वेगळी नोंद जगभरच्या राउटरांत जाऊन बसते. बँकेची गरज रास्त आहे. मात्र त्या नोंदीचा खर्च तिला कधीही न पाहिलेली जाळी सोसतात, हेच मला या व्यवस्थेतील खरे दुखणे वाटते.

१२ ऑगस्टच्या त्या दिवशी व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून सुमारे १५,००० जादा नोंदी अचानक बाहेर पडल्या आणि एकूण संख्येने ५,१२,००० ची रेषा ओलांडली. सिस्को या राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या काही जुन्या राउटरांत जलद शोधाच्या स्मृतीत मूळ मांडणीनुसार तेवढ्याच नोंदींना जागा होती; त्यापुढच्या नोंदी तिथे मावल्या नाहीत आणि इंटरनेट अडखळले. जागेची वाटणी बदलून राउटर पुन्हा सुरू करणे हा उपाय कंपनीने आधीच सुचवला होता, पण तो राउटर वापरणाऱ्या सर्वांनी केला नव्हता.

अडचण मिटलेली नाही. आज ही यादी १० लाखांच्या घरात आहे. इंटरनेट पत्त्यांच्या आयपीव्ही६ या नव्या पद्धतीमुळे पत्त्यांची टंचाई सरते, पण दुहेरी जोडणीची वेगळी नोंद तिथेही लागतेच. स्मृती वाढवत नेणे आणि आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत २५६ पत्त्यांहून लहान गटाची नोंद न स्वीकारणे, एवढाच आवर त्या वाढीला आहे. त्यातही दुसरी गोष्ट जाळी चालवणाऱ्यांनी आपसांत पाळलेला संकेत आहे, सक्तीचा नियम नव्हे.