‘जसा आहे तसा’ घेतलेला गेमिंग लॅपटॉप परत करता येतो का?

प्रश्न : जुने संगणक विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून मी बारा दिवसांपूर्वी आरटीएक्स ३०६० ग्राफिक्सचा वापरलेला लॅपटॉप घेतला. ‘मोठे गेम सलग दोन-तीन तास खेळायचे आहेत, चालतील ना?’ असे मी व्हॉट्सॲपवर विचारले होते. ‘त्यासाठीच आहे, बिनधास्त घ्या’ असे उत्तर आले. दुकानात दहा मिनिटे व्हिडिओ लावून पाहिला. घरी मात्र गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांत पडद्यावर रंगीत चौकोन उमटतात आणि लॅपटॉप बंद पडतो. तंत्रज्ञांच्या मते ग्राफिक्स चिप पूर्वी तापवून दुरुस्त केलेली आहे, शिवाय तिची वीजमर्यादा ६० वॅटच आहे. पैसे दिल्यावर मिळालेल्या बिलाखाली ‘जुना माल, जसा आहे तसा, परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले आहे. व्यापारी म्हणतो, ‘तुम्ही बघून घेतला.’ मदरबोर्ड बदलून घ्यावा की दाद मागावी?

उत्तर : मदरबोर्ड आत्ता मुळीच बदलू नका. लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे बोर्ड बदलला की ज्या दोषाबद्दल तुमची तक्रार आहे तो दोषच पुराव्यातून निघून जाईल आणि ‘तुमच्याच माणसाने बिघडवला’ असे म्हणायला विक्रेत्याला आयती संधी मिळेल.

‘बघून घेतला’ हा युक्तिवाद ऐकायला भक्कम वाटतो, पण तो तुमच्या बाबतीत पुरत नाही. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे, खरेदीदाराने वस्तू कोणत्या कामासाठी हवी ते विक्रेत्याला सांगितले असेल, त्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली असेल आणि त्या प्रकारच्या वस्तू विकणे हा विक्रेत्याचा व्यवसायच असेल, तर ती वस्तू त्या कामासाठी बऱ्यापैकी योग्य असलीच पाहिजे, अशी अट करारात गृहीत धरली जाते. तुमचा व्हॉट्सॲपवरचा प्रश्न आणि त्याला आलेले उत्तर ही अट जवळजवळ शब्दशः सिद्ध करतात. वस्तू तपासून घेतली असेल तर, माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा या दुसऱ्या गृहीत अटीखाली, त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांची तक्रार करता येत नाही, हे खरे. सैल बिजागरी किंवा पडद्यावरचा ओरखडा असता तर मी तुम्हाला गप्प बसण्याचा सल्ला दिला असता. परंतु व्हिडिओ पाहताना ग्राफिक्स चिपवर फारसा ताण येत नाही. तिचा खरा कस गेममध्ये, ती तापल्यावर लागतो. भारानंतर विसाव्या मिनिटाला दिसणारा दोष दहा मिनिटांच्या व्हिडिओत दिसला नाही, यात तुमचा निष्काळजीपणा नाही.

बिलाखालच्या ओळीबाबत : अशा गृहीत अटी स्पष्ट कराराने वगळता येतात (कलम ६२), पण त्यासाठी करार व्हावा लागतो. पैसे घेतल्यानंतर हाती ठेवलेल्या कागदावरचे छापील वाक्य तुम्ही मान्य केले होते, हे दाखवणे व्यापाऱ्याला जड जाईल. शिवाय फसवणूक झाली असल्यास असे वाक्य तिला पांघरूण घालू शकत नाही.

वॅटचा मुद्दा मात्र व्यापाऱ्याला पाठवायच्या नोटिशीत पुढे करू नका. लॅपटॉपसाठीची आरटीएक्स ३०६० चिप साधारण ६० ते ११५ वॅटपर्यंतच्या वेगवेगळ्या मर्यादांत बसवलेली असते आणि कमी वॅटची असली तरी तिचे नाव तेच राहते. म्हणजे वर्णन खोटे ठरत नाही. वीजमर्यादा किती, हे तुम्ही विचारले असते आणि चुकीचे उत्तर मिळाले असते, तर गोष्ट वेगळी होती. दुबळा मुद्दा मजबूत मुद्द्याशेजारी ठेवला की दोन्हींकडे संशयाने पाहिले जाते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आधीच्या दुरुस्तीबद्दल तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही : ‘हा कधी उघडला होता का?’ असे तुम्ही विचारले होते का? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार नुसते मौन ही सहसा फसवणूक ठरत नाही. खोटे उत्तर देणे किंवा दोष जाणूनबुजून झाकणे ही ठरते. जुने संभाषण पुन्हा नीट वाचा. तसे उत्तर सापडले, तर तुमची बाजू बरीच बळकट होईल. तंत्रज्ञांचे मत तोंडी राहू देऊ नका. चिपची छायाचित्रे, तारीख आणि सही असलेला लेखी अहवाल घ्या.

आता वेळेचे महत्त्व. वाजवी मुदतीत माल नाकारल्याचे कळवले नाही, तर तो स्वीकारला असे धरले जाते (मालविक्री कायदा, कलम ४२), आणि मग पैसे परत मागण्याऐवजी केवळ नुकसानभरपाईवर समाधान मानावे लागू शकते. बारा दिवसांत तुम्हाला उशीर झाला, असे कोणी सहजी म्हणणार नाही. तीन महिन्यांनी म्हणेल. म्हणून लॅपटॉप वापरणे थांबवा आणि तो नाकारत असल्याचे, पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत हवी असल्याचे व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानेही कळवा. लॅपटॉप स्वतः नेऊन देण्याचे बंधन तुमच्यावर नाही (त्याच कायद्याचे कलम ४३), आणि पैसे किंवा लेखी पोच हाती आल्याशिवाय तो देऊही नका. वापर थांबवण्यापूर्वी एकदाच, तळाच्या अनुक्रमांकापासून लॅपटॉप बंद पडेपर्यंतचे अखंड चित्रीकरण करून ठेवा. ज्या फोनवर संभाषण झाले तो फोन जपा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र संभाषणाच्या प्रतींसोबत जोडलेले बरे.

उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करा. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. दोष ठरवण्यासाठी आयोग लॅपटॉप प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तंत्रज्ञांच्या अहवालानंतर तो पुन्हा न उघडता, न बदलता ठेवण्याचे हेही एक कारण. पोलिसांची धमकी नोटिशीत घालू नका : फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी विक्रेत्याचा हेतू सुरुवातीपासूनच अप्रामाणिक होता हे दाखवावे लागते, आणि आज तुमच्याकडे तेवढा पुरावा नाही. तंत्रज्ञांना बोर्ड मागवायला सांगितले असेल, तर त्यांना आधी फोन करून थांबवा. नोटीस त्यानंतर आजच लिहायला घ्या.