इलेक्ट्रिक गाडीला घरचं वायरिंग पुरेल का?

प्रश्न: कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं जुनं घर आहे. पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक घेतोय. सोबतचा चार्जर गीझरच्या सॉकेटला लावला तर चालेल का?

उत्तर: कृपा करून लावू नका. गीझर थोड्या वेळात बंद होतो. गाडी मात्र 14-15 अँपिअर करंट आठ-दहा तास सलग ओढते. जुन्या सॉकेटची पकड सैल असते. तिथं आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. मीटरपासून 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि 16 अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट बसवून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच.

जुन्या घरात खरी अडचण अर्थिंगची. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ते 5 व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर बरेच चार्जर लाल दिवा दाखवून थांबतात. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा वाळला की हमखास असं होतं. पाणी घालून बघा, नाहीतर नवीन अर्थिंग करा.

बिलावरचा मंजूर भार (एका वेळी किती वीज वापरता येते तो आकडा) 2 किलोवॉट असेल तर गाडीला तो पुरणार नाही, महावितरणकडे आधी वाढवून घ्या.