पत्रावर ‘टेक्निशियन’, काम सुपरवायझरचे: सेफ्टीच्या डिप्लोमाला अनुभव कसा सिद्ध करायचा?

प्रश्न: मी मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे. रायगड जिल्ह्यातल्या एका केमिकल कारखान्यात जून २०१९ ते एप्रिल २०२२ एका कंत्राटदाराकडे होतो, ऑगस्ट २०२२ पासून दुसऱ्याकडे आहे. कारखाना तोच, हाताखाली बारा-चौदा माणसे. पुढे कामगारांना सुरक्षेचे प्रशिक्षण द्यायचे आहे, म्हणून इंडस्ट्रियल सेफ्टीच्या डिप्लोमाला अर्ज केला. ‘पाच वर्षांचा सुपरवायझरी अनुभव सिद्ध होत नाही’ म्हणून तो परत आला. पहिल्या कंत्राटदाराने धंदा बंद केला. दुसरा पत्र देतो, पण पद ‘टेक्निशियन’ लिहितो, रेकॉर्डला तेच आहे म्हणतो. पगार २४ हजार. गेटपासवर मात्र ‘सुपरवायझर’ छापले आहे. एक ओळखीचे गृहस्थ आठ हजारांत हवे तसे पत्र करून देतो म्हणतात. काय करू?

उत्तर: आधी त्या आठ हजारांचे. ते पत्र घेऊ नका. खोटा दस्तऐवज बनवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली गुन्हा आहे आणि खोटा आहे हे माहीत असून तो खरा म्हणून वापरणे हा कलम ३४० खाली. पत्र बनवणारा बाजूला राहील, अर्जावर सही तुमची असेल. शिवाय पत्रावरच्या तारखा आणि तुमचे पीएफचे पासबुक शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. आणि तुम्हाला गरज तरी काय? तुमचा अनुभव खरा आहे. तो कागदावर आलेला नाही, एवढीच अडचण आहे.

ही पाच वर्षांची अट मुळात महाराष्ट्राच्या १९८२ च्या सुरक्षा अधिकारी नियमांतली. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर दोन वर्षे, डिप्लोमा असेल तर पाच वर्षे, आणि तोही कारखान्यात पर्यवेक्षकाच्या नात्याने केलेल्या कामाचा अनुभव. काम ‘कारखान्यात’ केलेले हवे, पगार कारखान्यानेच दिलेला हवा असे त्यात नाही. कारखाने अधिनियमाने तर कंत्राटदारामार्फत आलेल्या माणसालाही ‘कामगार’च्या व्याख्येत धरले होते. तेव्हा कंत्राटी म्हणून तुमची वर्षे बाद होत नाहीत.

राहिले पद. कामगार कायद्यात पदनामाला फारसे वजन नाही, प्रत्यक्ष काम काय होते ते पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सिबा गायगी कंपनीच्या खटल्यात हेच सांगितले: माणसाचे मुख्य काम कोणते ते बघा. तो वाद कामगार कोण, याचा होता, प्रवेशाचा नव्हे. तरी संस्थेपुढे मांडायला हे तत्त्व चालते. म्हणून कंत्राटदाराशी ‘टेक्निशियन’ या शब्दावरून भांडत बसू नका. पद राहू दे, कामाचा तपशील मागा.

तो मागायचा तुम्हाला हक्कही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेच्या कलम ५६ नुसार कंत्राटी कामगाराने मागणी केली की कंत्राटदाराने अनुभव प्रमाणपत्र द्यायचे, आणि त्यात केलेल्या कामाचा तपशील लिहायचा. पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे हे कलम चालते. वेतनवाढ आणि सामाजिक सुरक्षा मिळणाऱ्या, कंत्राटदाराच्या कायम कर्मचाऱ्याला ते लागू नाही.

इथे एक खाच आहे. संहितेत दरमहा १८ हजारांहून जास्त वेतन घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’ धरला जात नाही. तुमचा कंत्राटदार म्हणू शकतो, ‘तू सुपरवायझर, पगार २४ हजार, तुला कलम ५६ कुठले?’ म्हणू द्या, फक्त लेखी म्हणू द्या. तुम्ही सुपरवायझर आहात असे त्याने लिहून दिले की संस्थेला हवे तेच हातात आले. आणि टेक्निशियनच आहात म्हणाला, तर तपशिलासह प्रमाणपत्र देणे त्याला भाग आहे. नेमणूकपत्र मिळाले नसेल तर तेही याच अर्जात मागा. कलम ६ खाली ते पर्यवेक्षकासह प्रत्येक कर्मचाऱ्याला द्यायचे आहे, जुन्या कर्मचाऱ्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत.

अर्ज साधा लिहा: ‘ऑगस्ट २०२२ पासून मी आपल्यामार्फत अमुक कारखान्यात काम करतो. रोज माणसांना काम वाटून देणे, वर्क परमिट घेणे, टूलबॉक्स टॉक घेणे, सुरक्षा साधने तपासणे आणि हजेरी ठेवणे ही कामे मी करतो. या तपशिलासह अनुभव प्रमाणपत्र द्यावे.’ (वर्क परमिट म्हणजे जोखमीच्या कामाआधी घ्यायची लेखी परवानगी, टूलबॉक्स टॉक म्हणजे काम सुरू होण्याआधी माणसांना सुरक्षेबद्दल थोडक्यात सांगणे.) स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आले तर तोच अर्ज जोडून सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या.

पहिल्या तीन वर्षांसाठी कंत्राटदार गेला म्हणून हताश होऊ नका, कारखाना जागेवर आहे. जुन्या कंत्राटी कामगार कायद्याखाली मूळ मालकाला, म्हणजे कारखान्याला, कंत्राटदारांची नोंदवही ठेवावी लागत होती. तिथल्या सेफ्टी विभागाला भेटा. टूलबॉक्स टॉकचे जुने रजिस्टर उघडायला सांगा: तारीख, विषय ‘उंचीवरील काम’, खाली बारा सह्या, एखादा अंगठा, आणि ‘घेणार’ या रकान्यात तुमचे नाव. हॉट वर्कच्या, म्हणजे वेल्डिंग-कटिंगसारख्या ठिणगी उडणाऱ्या कामाच्या, परमिटवर परमिट घेणारा म्हणून तुमची सही असेल. माझ्या मते या सह्या कोणत्याही लेटरहेडपेक्षा भक्कम आहेत, कारण त्या त्या दिवशी, त्या कामावर झालेल्या आहेत. पण मोबाईलने गुपचूप फोटो काढू नका, कंपनीचे कागद आहेत ते. या नोंदी पाहून ‘अमुक काळात, अमुक कंत्राटदारामार्फत, आमच्या आवारात पर्यवेक्षणाचे काम केले’ एवढे दोन ओळींचे पत्र मागा. ते देण्याची त्यांच्यावर कायदेशीर सक्ती नाही, पण ज्या सेफ्टी ऑफिसरने तुम्हाला रोज परमिट दिले तो सहसा नाही म्हणत नाही.

तारखांसाठी पीएफची सर्व्हिस हिस्टरी आणि पासबुक जोडा. २०२० च्या लॉकडाऊनमधले दोन-तीन महिने भरणा दिसत नसेल तर ते मोजूच नका. पहिले ३५ महिने आणि दुसरी तीन वर्षांहून जास्त नोकरी, त्यातून तेवढे वजा करूनही पाच वर्षे भरतात. पहिल्या नोकरीची सोडल्याची तारीख कोरी असेल तर पोर्टलवर स्वतः नोंदवता येते.

हे सगळे एका पानाच्या पत्रासोबत संस्थेला द्या आणि तरीही नाकारले तर कारण लेखी मागा. शासकीय संस्था असेल तर माहिती अधिकारातही मागता येईल. आणि गेटपास? कंत्राट संपले की तो जमा करून घेतात. उद्या ड्युटीवर जाण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवा.