डॉक्टर-नर्सच्या रांगेत कशाला उभी राहतेस?

प्रश्न : ताई, मी मेडिकल लॅबोरेटरी सायन्सच्या शेवटच्या वर्षाला जाणारे. आता लॅबमधलं रोटेशन, म्हणजे एकेका विभागात आळीपाळीने काम, सुरू होईल, सकाळी सहाला हजर, त्यामुळे पार्टटाइम जॉब सोडावा लागणार आणि फी मात्र तेवढीच. स्कॉलरशिपचे आठ फॉर्म भरले, सगळे 'आरोग्य क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांसाठी'वाले, एकातही नंबर लागला नाही. मार्क बरे आहेत, टॉपर नाहीये. निबंध सोबत पाठवतेय, वाचून सांगाल का काय चुकतंय?

उत्तर : वाचला गं. दोनदा वाचला. पहिल्याच ओळीत 'लहानपणापासून रुग्णसेवेची आवड' आणि तिसऱ्या ओळीत तो ७० टक्क्यांचा आकडा, म्हणजे डॉक्टरांचे ७० टक्के निर्णय लॅबच्या रिपोर्टवर होतात वगैरे. हा आकडा आपल्या लाइनमध्ये सगळेच सांगतात, पोस्टरवर पण छापतात, पण त्याच्यामागे धड अभ्यास कुठला असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. निवड समितीत एखादा जरी मुरलेला लॅबवाला बसला असेल तर तो तिथेच कागद बाजूला ठेवेल. काढून टाक ते.

खरी गोष्ट तू दुसऱ्या पानावर तळाशी दोन ओळींत उरकलीयेस. ते पोटॅशियमचं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतंच जास्त, कॅल्शियम एकदम खाली, आणि पेशंट वॉर्डात आरामात गप्पा मारत बसलेला, तेव्हा तुला शंका आली की जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त कुणीतरी दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलंय. त्या जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ईडीटीए नावाचं रसायन असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि स्वतःचं पोटॅशियम नमुन्यात सोडतं, म्हणून दोन्ही आकडे उलटसुलट. तू रिपोर्ट थांबवलास, सीनियरला सांगितलंस, नवीन सॅम्पल मागवलं आणि ते नॉर्मल आलं. अगं हाच तर निबंध आहे! इथूनच सुरू कर, मशीनने आकडा दाखवला तेव्हा तुझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, फोन करताना भीती वाटली का, ते सगळं लिही. फक्त पेशंटचं नाव, वॉर्ड, तारीख, ओळख पटेल असं काहीही नको, नाहीतर गोपनीयता कळत नाही म्हणून तिथेच कापतील, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आता फॉर्मबद्दल. 'आरोग्य क्षेत्र' म्हटलं की त्या ढिगात भावी डॉक्टर, नर्स, फिजिओ, फार्मसीवाले सगळे असतात, आणि लॅबवाले काय करतात हे तिथे आधी समजावून सांगण्यातच तुझा अर्धा निबंध संपतो. त्यापेक्षा आपल्याच व्यवसायाच्या संघटनांकडे बघ. अमेरिकेत १९२२ साली स्थापन झालेली एएससीपी ही पॅथॉलॉजिस्ट आणि लॅबवाल्यांची संघटना आहे, एएससीएलएस ही लॅबवाल्यांची संघटना आहे, तिच्याशी जोडलेली अल्फा म्यू टाऊ ही संस्था आहे, यांच्या स्कॉलरशिप लॅबच्याच विद्यार्थ्यांसाठी असतात. जिथे शिकतेस तिथल्या देशपातळीवरच्या आणि राज्यपातळीवरच्या संघटनेचं पान उघड, विद्यार्थी सभासदत्व स्वस्त असेल तर आधी घेऊन टाक, कारण कधीकधी सभासद असणं हीच अट असते. दुसऱ्या अटी पण नीट वाच, कोर्सला मान्यता हवी (अमेरिकेत ती नाक्ल्स नावाची संस्था देते), नागरिकत्वाची अट असू शकते, आणि काही ठिकाणी शेवटच्या क्लिनिकल वर्षात असलेल्यांनाच घेतात, म्हणजे आत्ता तुझाच नंबर आहे! रक्कम छोटी दिसली तरी सोडू नकोस, रोटेशनमधला एकेक महिना तेवढ्यावर निघतो.

मिळालेली रक्कम आधीच्या मदतीतून वजा होणार का हे कॉलेजच्या ऑफिसात आधी विचार. काही कॉलेजं इकडून आलं की तिकडचं कमी करतात आणि मग तुझ्या हातात शून्य.

शिफारसपत्र विभागप्रमुखांकडूनच हवं असं काही नाही. त्यांना तुझा रोल नंबर आठवेल फार तर. जिने तुला बेंचवर काम करताना पाहिलंय, ईडीटीएच्या वेळी जी बाजूला उभी होती, तिच्याकडून घे, आणि तीन आठवडे आधी माग, सोबत अर्ध्या पानावर मुद्दे आणि शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहून दे. आदल्या रात्री मागितलेलं पत्र कसं असतं ते मला विचार, मी पण लिहिलीयेत तसली. आणि हो, स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर फोन ठेवून दे सरळ.

प्रश्न : माझ्या मुलाला एक हॉस्पिटल म्हणतंय, शेवटच्या वर्षाची फी आम्ही भरतो, नंतर दोन वर्षं आमच्या लॅबमध्ये काम कर. फुकटच झालं ना हे?

उत्तर : फुकट नाही, उधार आहे, फक्त पैशाऐवजी नोकरीने फेडायचं. वाईट नाही, कारण नोकरीची काळजी मिटते. पण सही करण्याआधी लेखी विचारून घ्या, परवान्याची परीक्षा पहिल्या झटक्यात नाही निघाली तर काय, दोन वर्षं मोजायची कधीपासून, मधेच सोडलं तर सगळी रक्कम परत की राहिलेल्या महिन्यांपुरती, व्याज किती. आणि पगार इतरांइतकाच का, हे तर आधी! मुलाला मायक्रोबायोलॉजी आवडते आणि तिथे दोन वर्षं रात्रपाळीत ब्लड बँक असं निघालं तर चिडचिड होईल, म्हणून विभाग कुठला तेही करारात लिहून घ्या. तोंडी 'बघू नंतर' म्हणाले तर सही पण नंतरच करा.