वजनाचं सॉफ्टवेअर पट्टीच्या सॉफ्टवेअरशी बोलेल का?

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी सावद्याचा, जळगावला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. काकांचा केळीचा व्यापार आहे, स्वतःचा भुईकाटा पण आहे. काट्यावरच्या विंडोज कॉम्प्युटरला दोन सॉफ्टवेअर, एकात इंडिकेटरचं (काट्याचा आकडा दाखवणारा डबा) वजन दिसतं, दुसऱ्यात शेतकऱ्याची पट्टी बनते, आणि मधे आमचा पोरगा वजन बघून हाताने टाइप करतो. रात्री गाड्यांची लाइन लागली की आकडे चुकतात अन् सकाळी भांडणं. मला पायथन बऱ्यापैकी येतं, माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. एका जुन्या पीडीएफमध्ये डीकॉप वाचलं, नेटवर बघितलं तर डी-बस, डीडीई, सॉकेट, सगळी भेळच. नक्की शिकू काय?

उत्तर: भाऊ, ही सगळी नावं दोन प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतींची आहेत. त्यातलं डीकॉप आधी सोडून दे. ते केडीईचं, म्हणजे लिनक्सच्या एका डेस्कटॉपचं होतं, 2008 ला केडीई 4 आलं तेव्हाच त्याची जागा डी-बसने घेतली, त्या पीडीएफमधली उदाहरणं तुझ्या मिंटवर चालायचीच नाहीत. डीडीई तर विंडोजचं, 1987 पासूनचं, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अजून सापडतं पण नवीन काम त्यात करू नये.

तुझ्या काट्यावरची खरी अडचण सिरियल पोर्टची आहे. इंडिकेटरची वायर ज्या पोर्टला लावलीय तो पोर्ट विंडोज एका वेळी एकाच प्रोग्रामला उघडू देतं, वजनवाल्याने तो धरून ठेवला की तुझ्या पायथनला 'ॲक्सेस डिनाइड' ठरलेलं. म्हणजे वजन ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच मागायला लागणार. दोन ॲपचं बोलणं म्हणजे एवढंच, एकाने मागायचं, दुसऱ्याने द्यायचं, बाकी डी-बस काय नि सॉकेट काय, हे मागायचे रस्ते.

शिकायला मात्र डी-बसच घे, कारण तुझ्या लॅपटॉपवर आत्ता, एक ओळ कोड न लिहिता, त्यावर बोलणारी ॲप्स बसलेली आहेत. डी-फीट नाहीतर डी-स्पाय टाक, ही डी-बस बघायची ॲप्स, त्यात सेशन बस (तुझ्या लॉगिनमधली ॲप्स जिच्यावर बोलतात ती लाइन) उघड, कोण कोण आहे ते दिसेल. व्हीएलसीवर एखादं अहिराणी गाणं लावून ठेव आणि टर्मिनलवरून त्याला 'प्लेपॉज' मेथड पाठव, गाणं थांबलं की अर्धा विषय डोक्यात बसला समज. मेथड म्हणजे एकाला नाव घेऊन सांगणं, सिग्नल म्हणजे दवंडी, ज्याला ऐकायचं तो ऐकेल.

मग नोटिफिकेशनवर ये. त्याची 'नोटिफाय' मेथड 8 गोष्टी मागते, ॲपचं नाव, आधीच्या नोटिफिकेशनचा नंबर, आयकॉन, शीर्षक, मजकूर वगैरे, आणि एकाचा जरी टाइप चुकला, आकड्याच्या जागी स्ट्रिंग गेली, की सरळ एरर. त्याला कंटाळू नको, डी-बसची ही शिस्तच कामाची आहे. उत्तरात एक नंबर परत येतो, पुढच्या वेळी तोच नंबर त्या 8 मधल्या दुसऱ्या क्रमांकावर दे, नवीन डबा न उघडता जुन्यातलाच मजकूर बदलतो. खोटी वजनं पाठवून बघ, काट्याचा डिस्प्ले तयार.

दोन ठिकाणी सगळेच अडकतात. एक, सुडो लावून (ॲडमिनच्या हक्काने) किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) प्रोग्राम चालवला तर बहुतेक वेळा सेशन बस सापडतच नाही, कारण ती तुझ्या लॉगिनची असते, कोडमध्ये चूक शोधत बसू नको. दुसरं, समोरच्याने उत्तर दिलं नाही तर साधा कॉल डीफॉल्टला 25 सेकंद वाट बघत बसू शकतो, तेवढा वेळ तुझी खिडकी गोठलेली, ऑपरेटर बटणावर बटण दाबतोय. म्हणून असिंक कॉल, म्हणजे उत्तराची वाट बघत न थांबणारा, पहिल्यापासूनच शिक.

काट्यावर विंडोज आहे, तिथे डी-बसच्या मागे लागू नको, 127.0.0.1 वर, म्हणजे त्याच कॉम्प्युटरच्या आत, साधं टीसीपी सॉकेट पुरतं. फक्त टीसीपी हा धो धो वाहता प्रवाह आहे, तुझा एक मेसेज कुठे संपला हे त्याला कळत नाही, 12450 आणि पाठोपाठ 3820 पाठवलं तर समोरच्याला 124503820 मिळू शकतं, आता एवढी केळी एका गाडीत मावतील का? प्रत्येक मेसेजच्या शेवटी नवी ओळ टाक आणि वाचणाऱ्याने ओळ पूर्ण होईपर्यंत थांबायचं. नुसतं वजनही पाठवू नको, गाडी नंबर, वेळ, आणि आकडा स्थिर झालाय का हेही सोबत दे, गाडी काट्यावर चढताना आकडा नाचत असतो.

आता वजनाचं सॉफ्टवेअर तुझं नाही, विकत घेतलेलं असणार. ज्याने दिलं त्याला आधी विचार, वजन डेटाबेसमध्ये किंवा टेक्स्ट फाइलमध्ये जातं का, गेलं तर तिथूनच उचल, सॉकेटचीही गरज नाही. काहीच देत नसेल तर कॉम-झीरो-कॉम आणि हब-फोर-कॉम ही दोन सॉफ्टवेअर घेऊन एका पोर्टचे दोन आभासी पोर्ट करता येतात, पण ते सीझन संपल्यावर, गाड्या उभ्या असताना नाही. आणि कोणी म्हणेल की ऑटोहॉटकीने कीबोर्डची बटणं दाबल्यासारखं करून आकडा पट्टीत टाकू, तर ते नको रे बाबा, मधेच व्हॉट्सॲपची खिडकी पुढे आली की वजन कोणाच्या तरी चॅटमध्ये जातं.