सेलमसारख्या धार्मिक वस्तीत चेटकिणींची धरपकड कशामुळे झाली असावी?

एकच एक कारण नाही. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचे प्युरिटन (कडक शिस्तीचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) लोक सैतानाला खराखुरा शत्रू मानत. त्यात सीमेवर युद्ध चाललेलं, आणि पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या पगारावरून गावात दोन तट. पण माझ्या मते खरी मेख न्यायालयात होती. ‘तिची छाया येऊन मला छळते’ ही साक्ष पुरावा म्हणून चालायची, आणि गुन्हा कबूल करून इतरांची नावं घेणारे फासापासून वाचायचे. मग यादी वाढणारच! फाशी गेलेले १९ जण कबुली नाकारणारे होते. बुरशी लागलेल्या धान्यामुळे भास झाले, हा सिद्धांत लोकप्रिय आहे. बहुतेक इतिहासकारांना मात्र पटत नाही. गव्हर्नर फिप्सने ते न्यायालय बरखास्त केलं, छायेची साक्ष बाद झाली, आणि १६९३ मध्ये बहुतेक आरोपी सुटले.