चिठ्ठी हातात, डबा गिरणीत

प्रश्न : ताई, मी साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात आहे. वजनकाट्यावर उसाच्या प्रत्येक खेपेची एक छोटी टेक्स्ट फाइल तयार होते. त्या सगळ्या वाचून गटवार यादी करणारा प्रोग्राम मी नोड जेएसमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात) लिहिला. आधी फॉरईचच्या (यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम करणाऱ्या आदेशाच्या) आत अवेट (काम होईपर्यंत थांब, असं सांगणारा शब्द) घातलं, तर ‘यादी तयार’ असं लगेच छापून येई आणि यादी कोरी. मग मित्राने प्रॉमिस डॉट ऑल, म्हणजे एकदम सुरू केलेली सगळी कामं संपेपर्यंत थांबणारा आदेश, वापरायला सांगितलं. नोव्हेंबरभर चाललं, पण फोल्डरमध्ये 14 हजार फाइली झाल्यावर ‘ईएमफाइल, टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणत बंद पडलं. कॉम्प्युटर विंडोजचा आहे. शिवाय पावती वाचली की तिची ओळ अपेंडफाइलने लगेच यादीच्या शेवटी जोडतो, तर ओळींचा क्रम रोज वेगळा. असिंक्रोनस, म्हणजे काम सोपवून न थांबता पुढे जाणं, हे वेगवान ना? मग माझी जुनी, साधी रीडफाइलसिंकवाली (एक फाइल पूर्ण वाचून मगच पुढे जाणारी) आवृत्ती आधी का संपायची?
— एक वाचक, माळशिरस

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची दुखणी तिथूनच निघाली आहेत.

दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेलं की दोन गोष्टी करता येतात. आपलं दळण होईपर्यंत पिठाच्या धुरळ्यात उभं राहायचं (हे सिंक), नाहीतर डब्यावर नावाची चिठ्ठी ठेवून भाजी आणायला जायचं (हे असिंक्रोनस). भाजीला गेल्यामुळे गहू लवकर दळला जात नाही. आपला वेळ वाचतो, आणि तोसुद्धा भाजी खरंच आणायची असेल तर. तुमच्या प्रोग्रामला भाजी आणायची नाहीये! तो एकटाच चालतो, एकच यादी करतो, मध्ये कुणी त्याला काही विचारत नाही. हेच काम वेबसाइटच्या सर्व्हरवर असतं, तर रीडफाइलसिंकने बाकीचे सगळे लोक खोळंबले असते आणि मी तुम्हाला रागावले असते. इथे मात्र उलट आहे. हजारो बारक्या फाइलींत प्रत्येक चिठ्ठी लिहिण्या-फाडण्याचाच खर्च दळणाइतका होतो, म्हणून तुमची साधी आवृत्ती आधी संपते.

आता ईएमफाइल. नोडच्या पोटात लिबयूव्ही नावाची लायब्ररी आहे. नेटवर्कची कामं ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या इशाऱ्यावर करते, पण फाइलींची कामं थ्रेडच्या, म्हणजे प्रोग्रामच्या आत एकाच वेळी राबणाऱ्या कामगारांच्या, एका छोट्या ताफ्याकडे देते. ताफ्यात मुळात 4 थ्रेड. चारच जण काम करतात, तर हजारो फाइली उघड्या कशा राहिल्या, असं तुम्हाला वाटेल. गंमत रांगेत आहे. रीडफाइल हे एक काम नसून चार कामं आहेत : उघड, आकार बघ, वाच, बंद कर. आधीचं झाल्यावरच पुढचं रांगेत लागतं, तेही शेवटी. प्रॉमिस डॉट ऑलने तुम्ही एकदम 14 हजार ‘उघड’ रांगेत लावलेत. पहिल्या फाइलीचं ‘आकार बघ’ त्या सगळ्यांच्या मागे जाऊन उभं राहिलं, ‘बंद कर’ तर कुठच्या कुठे. म्हणजे सगळ्या डब्यांची झाकणं उघडली आणि दळायला एकही घेतला नाही. विंडोजवर नोडच्या एका प्रोग्रामला एका वेळी साधारण 8 हजार फाइली उघड्या ठेवता येतात. नोव्हेंबरात तुम्ही त्याच्या आत होतात, एवढंच.

थ्रेड वाढवून हे सुटणार नाही. यूव्ही थ्रेडपूल साइझ या सेटिंगने ती संख्या 1024 पर्यंत नेता येते, पण रांग तशीच राहते.

कोऱ्या यादीचं कारण वेगळं. फॉरईचला आतल्या फंक्शनने दिलेल्या प्रॉमिसशी, म्हणजे ‘काम झालं की कळवतो’ या चिठ्ठीशी, देणंघेणं नाही. ती चिठ्ठी तो बघतही नाही, फेकून देतो आणि पुढे जातो. त्याजागी साधं फॉर-ऑफ लूप घाला, त्यात अवेट खरोखर थांबतं. यावर हसू नका, मीही भाजून घेतलंय. 2013 साली एका पतसंस्थेसाठी बॅकअपचा प्रोग्राम लिहिला होता. तेव्हा नोडमध्ये अवेट नव्हतं, ते 2017 साली आलं. मी लूपमध्ये राइटफाइल सोडत गेले, लूप संपल्यावर ‘बॅकअप पूर्ण’ छापलं आणि पुढच्याच ओळीत प्रोसेस डॉट एक्झिट, म्हणजे प्रोग्राम तिथल्या तिथे बंद. फाइली उघडल्या गेल्या, म्हणजे जुना मजकूर पुसला गेला, आणि नवा लिहायच्या आत प्रोग्रामने मान टाकली. आठ दिवसांनी मॅनेजरना एक खातं परत हवं होतं. फोल्डर उघडला तर नावं सगळी जागेवर आणि प्रत्येकापुढे शून्य केबी. त्या दुपारचा चहा मला कुणी विचारला नाही.

क्रमाचं बघू. तुम्ही प्रत्येक पावती वाचली की लगेच अपेंडफाइल करताय. चार थ्रेडांपैकी ज्याचं आधी उरकलं त्याची ओळ आधी. फाइलीत थेंबाथेंबाने लिहूच नका. फाइलींची नावं आधी क्रमाने लावा, वाचलेल्या ओळी अॅरेत (मेमरीतल्या यादीत) ठेवत जा आणि शेवटी एकदाच लिहा. पावती अर्ध्या केबीची धरली तरी 14 हजारांचे जेमतेम 7 एमबी होतात. आणि लिहिताना थेट यादीवर न लिहिता दुसऱ्या नावाने लिहून मग रीनेम करा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी कालची यादी शाबूत. फक्त ऑफिसात कुणी ती एक्सेलमध्ये उघडी ठेवली असेल तर विंडोज नाव बदलू देणार नाही. ती चूक पकडून ‘आधी एक्सेल बंद करा’ असं मराठीत छापा.

तरीही असिंक्रोनसच हवं असेल, तर 30-40 फाइलींचा गठ्ठा करा, त्या गठ्ठ्यापुरतं प्रॉमिस डॉट ऑल, मग पुढचा गठ्ठा. मी तुमच्या जागी असते तर जुनी सिंक आवृत्ती परत काढली असती.

प्रश्न : रस्ट भाषेत टोकियो या असिंक्रोनस लायब्ररीच्या फाइलीत राइट-ऑल करते, अवेटही करते, चूक काहीच येत नाही. तरी प्रोग्राम संपल्यावर कधी शेवटचा भाग गायब असतो. अवेट केलं म्हणजे लिहिलं गेलं ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. टोकियो तुमचा मजकूर आपल्या बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) घेतो आणि मागच्या एका थ्रेडला लिहायला सांगतो. अवेट त्या सांगण्यापुरतं असतं, लिहून झाल्याची ती पावती नव्हे. तेवढ्यात मुख्य प्रोग्राम संपला की शेवटचा घास मध्येच राहतो. फाइल सोडण्याआधी फ्लश करा, म्हणजे उरलेलं सगळं लिहून टाकायला सांगा, आणि त्या फ्लशलाही अवेट लावा. गिरणीवाला डबा देण्याआधी पीठ पडतं त्या कापडी नळीवर दोन थपडा मारतो ना, तेच हे काम.